नदीतला गाळ आणि घरातली बंदूक : सिएटलचं स्थानिक सरकार काय करतं?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. पलीकडे आमची जुनी विद्यार्थिनी होती. दहावीला आमच्या वर्गात होती, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत सिएटलजवळ राहते. सलाम-दुआ झाली, घरच्यांची खुशाली विचारून झाली आणि मग तिचा आवाज जरा खाली आला. "सर, एक गोष्ट मनाला लागलीय. कुणाला सांगावी कळत नव्हतं."

झालं होतं असं. तिच्या सात वर्षांच्या मुलाने वर्गातल्या एका मित्राला घरी खेळायला बोलावलं. त्या मित्राच्या आईचा फोन आला. घरी कुत्रा आहे का, मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, असं दोन-चार गोष्टींचं बोलणं झालं. मग ती बाई अगदी सहज म्हणाली, "तुमच्या घरात बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते ना?" आमची विद्यार्थिनी "नाही, नाही" म्हणाली आणि फोन ठेवला. पण त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. "सर, हमकोच क्यूं पूछा? मी हिजाब घालते म्हणून का?"

त्याच फोनमध्ये तिचा दुसरा प्रश्न होता. नवऱ्याचे दोस्त सुटीच्या दिवशी नदीवर गळ टाकायला जातात. त्यांनी दोन ताजे मासे घरी आणून दिले. पण नदीकाठच्या पाटीवर तिने मासा न खाण्याचा इशारा पाहिला होता. "मासा हलाल, ताजा, डोळ्यांदेखत पकडलेला. मग खायचा का नाही?"

आम्ही शाळामास्तर. उत्तर माहीत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणायची आम्हाला सवय आहे. तिला तसंच सांगितलं आणि पुढचे काही दिवस वाचत बसलो. गंमत अशी की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दारात सापडली. ते दार म्हणजे तिथलं स्थानिक सरकार. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली, भाचे-पुतणे आज परदेशात आहेत, त्यामुळे ही उत्तरं त्यांच्या कामाची आहेत. आणि शेवटी आपल्याही कामाची आहेत, ते पुढे येईलच.

आधी 'काउंटी' म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपल्या जिल्ह्यासारखी, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी नेमलेला असतो, तिथे काउंटीचा प्रमुख आणि तिची परिषद लोक निवडून देतात. सिएटल शहर ज्या काउंटीत येतं तिचं नाव किंग काउंटी. लोकसंख्या २२ लाखांच्या वर. नाव आधी एका जुन्या राजकारण्याचं होतं. १९८६ मध्ये काउंटी परिषदेने ठरवलं की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचं समजायचं, आणि २००५ मध्ये राज्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

सांडपाण्याचे मोठे प्रकल्प ही काउंटी चालवते. सार्वजनिक आरोग्याचा विभाग सिएटल शहर आणि काउंटी मिळून चालवतात. हा आरोग्य विभाग लक्षात ठेवा. नदीतला मासा खाऊ नका हे लोकांपर्यंत पोहोचवणारा तोच, आणि बंदूक कुलपात ठेवा हे सांगणाराही तोच. आपल्याला हे वेगळे विषय वाटतात. त्यांच्या हिशेबाने दोन्ही एकच आहेत: माणूस टाळता येण्यासारख्या कारणाने मरू नये.

नदी सरळ केली आणि मग घाण केली

नदीचं नाव दुवामिश. ग्रीन नदीचा खालचा भाग दुवामिश म्हणून ओळखला जातो आणि तो सिएटलच्या एलियट उपसागराला मिळतो. या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी लोकांवरूनच तिला हे नाव पडलं. सिएटल हे शहराचं नावही त्यांच्याच एका सरदाराचं.

शंभर वर्षांपूर्वी ही नदी वळणं घेत, दलदलीतून वाहायची. १९१३ पासून तिचा खालचा भाग खोदून सरळ करण्यात आला, म्हणजे जहाजं आत येतील आणि काठावर कारखाने बसतील. १९१६ मध्ये जवळच्या मोठ्या तलावाची पातळी उतरवली गेली आणि दुवामिशला मिळणारी ब्लॅक नदी चक्क आटून गेली. पुढे काठावर विमानांचे कारखाने, सिमेंट, डांबर, भंगार, जहाजदुरुस्ती असं सगळं आलं. नदीचं नावही बदललं. तिला 'वॉटरवे' म्हणू लागले, म्हणजे जलमार्ग. नदी म्हटलं की जीव आठवतो, जलमार्ग म्हटलं की फक्त वाहतूक आठवते.

या कारखान्यांतून, गटारांतून आणि पावसाच्या पाण्यातून जे काही आलं ते तळाच्या गाळात बसलं. त्यातलं सर्वांत चिवट म्हणजे पीसीबी नावाची रसायनं. ही ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगात, इमारतींच्या फटी बुजवायच्या लांबीत वापरली जायची. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, पण ती सहज नष्ट होत नाहीत. सोबत आर्सेनिक, डायऑक्सिन आणि जळण्यातून तयार होणारी इतर विषारी द्रव्यंही आहेत.

२००१ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या नदीचा सुमारे पाच मैलांचा (आठ किलोमीटरचा) पट्टा 'सुपरफंड' यादीत टाकला. सुपरफंड हा १९८० चा कायदा. देशातल्या सर्वांत विषारी जागांची यादी करायची, आणि ज्यांच्यामुळे घाण झाली त्यांच्याकडूनच सफाईचा खर्च घ्यायचा, असं त्याचं मूळ तत्त्व आहे.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. खर्च द्यायला पुढे उभे राहिलेल्यांत बोईंग ही विमान कंपनी आहेच, पण तिच्याबरोबर सिएटल शहर, किंग काउंटी आणि सिएटल बंदर हेही आहेत. म्हणजे स्थानिक सरकार इथे फक्त सफाई करणारं नाही, घाण करणाऱ्यांपैकीही एक आहे. त्याचीच गटारं नदीत उघडत होती. आपली चूक कागदावर मान्य करून पैसे मोजणारी पालिका, ही कल्पनाच आपल्याला जरा नवीन वाटेल.

गाळ काढायचा म्हणजे काय करायचं?

आपल्याकडे नदीसफाई म्हटलं की पोकलेन, डंपर आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. दुवामिशचं काम पाहिलं तर तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, आधी अभ्यास. यादीत नाव २००१ मध्ये आलं, अंतिम आराखडा नोव्हेंबर २०१४ मध्ये. तेरा वर्षं म्हणजे फार झाली, असं तिथल्या लोकांनाही वाटत होतं. पण या काळात हात बांधून बसले नाहीत. जिथे विष सर्वांत जास्त होतं अशा काही जागा निवडून तिथली सफाई आधीच करून घेतली. त्यातली एक जुन्या डांबर कारखान्याची जागा. आज तिथे लोकांसाठी बाग आणि माशांसाठी ओलसर किनारा आहे, तो २०२२ मध्ये खुला झाला.

दुसरी गोष्ट, सगळीकडे एकच औषध नाही. आराखड्यानुसार सुमारे १०५ एकरांतला गाळ उपसायचा. २४ एकरांवर स्वच्छ वाळू-खडीचा जाड थर टाकून विष खाली दाबून टाकायचं. ४८ एकरांवर पातळ थर टाकून निसर्गाला हातभार लावायचा. उरलेल्या २३५ एकरांत वरच्या प्रवाहातून येणारा स्वच्छ गाळ हळूहळू बसू द्यायचा आणि मोजमाप करत राहायचं. कारण गाळ उपसला की विष पाण्यात पुन्हा मिसळतं. म्हणून जिथे गरज आहे तिथेच उपसा. या कामाचा अंदाजे खर्च तेव्हा ३४ कोटी २० लाख डॉलर धरला होता. पट्ट्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग केले. वरच्या भागातलं पाण्यातलं काम २०२४ च्या अखेरीस सुरू झालं. तेही थंडीच्या ठराविक महिन्यांतच चालतं, म्हणजे सॅमन माशांच्या पिल्लांना त्रास होऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नळ बंद केल्याशिवाय फरशी पुसायची नाही. वरून घाण येत राहिली तर खालून गाळ काढून काय उपयोग? सिएटलच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं. मोठा पाऊस आला की नळ भरतो आणि मैलामिश्रित पाणी सरळ नदीत उतरतं. हे थांबवण्यासाठी किंग काउंटीने नदीजवळच्या जॉर्जटाउन भागात पावसाळी पाण्यासाठी खास शुद्धीकरण केंद्र बांधलं. २०२२ मध्ये ते सुरू झालं. जोराच्या पावसात दिवसाला सात कोटी गॅलनपर्यंत पाणी ते शुद्ध करू शकतं.

मग मासा खायचा का?

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही जे सांगितलं तेच इथे लिहितो. दुवामिशच्या या पट्ट्यात जो मासा कायम राहतो तो खाऊ नका. म्हणजे पर्च, सोल यांसारखे तळाशी वावरणारे मासे, खेकडे आणि शिंपल्या. वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला तसाच आहे. सॅमनचं वेगळं आहे. तो आयुष्याचा बराच काळ समुद्रात काढतो आणि नदीतून फक्त ये-जा करतो, म्हणून त्याच्या अंगात विष कमी साठतं. तो खायला चालतो, मात्र कोणता सॅमन आठवड्यात किती वेळा खायचा हे खात्याच्या तक्त्यात पाहून ठरवावं.

का, ते समजून घ्या. गाळातले किडे विष खातात. लहान मासा असे शेकडो किडे खातो, मोठा मासा असे शेकडो लहान मासे खातो. दर पायरीवर विष वाढत जातं आणि चरबीत साठतं. शेवटच्या पायरीवर आपलं ताट असतं. पीसीबीमुळे कर्करोगाचा धोका वाढतो आणि लहान मुलांच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून गरोदर बायका आणि मुलांनी जास्त जपायचं. आणि हो, नीट शिजवलं की विष जातं हा गैरसमज आहे. जंतू मरतात, रसायन मरत नाही. मासा ताजा आहे, हलाल आहे, चवीला छान आहे, यातल्या कुठल्याच गोष्टीवरून पीसीबी कळत नाही.

इथे आरोग्य विभागापुढे एक अडचण होती. या नदीवर गळ टाकून पोट भरणारे बरेच जण व्हिएतनाम, कंबोडिया, मेक्सिको अशा देशांतून आलेले. इंग्रजी पाटी वाचणार कोण? आणि वाचली तरी, जन्मभर नदीतला मासा खाल्लेल्या आजीला सरकारी पाटी पटेल का? म्हणून विभागाने त्या त्या समाजातलीच माणसं तयार केली. तीच आपल्या भाषेत, आपल्या लोकांना सांगतात: मासेमारी सोडू नका, इथला हा मासा सोडा, तिकडचा तो घ्या. नुसतं 'नको' म्हणत नाहीत, त्याऐवजी काय खायचं तेही सांगतात. भाषेच्या दोन घरांत राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हे फार पटलं. आम्ही पालकसभेत तेच वाक्य एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत बोलतो, तेव्हा दुसऱ्या वेळी माना हलतात.

नदीकाठच्या वस्त्या गरीब आणि परदेशातून आलेल्यांच्या आहेत, हेही विसरू नका. २०१३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की जॉर्जटाउन आणि साउथ पार्क इथल्या लोकांचं सरासरी आयुष्य सिएटलच्याच एका श्रीमंत भागापेक्षा तेरा वर्षांपर्यंत कमी आहे. शहर तेच, आयुष्य वेगळं. कारण एकटी नदी नाही. धूर, ट्रक, गरिबी, सगळंच त्यात आहे.

आता बंदुकीचा प्रश्न

पहिली गोष्ट, आमच्या विद्यार्थिनीच्या मनातली. परदेशात आपल्या लोकांकडे कुणी कधी संशयाने पाहतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. तसे अनुभव येतात आणि ते दुखतात. पण हा प्रश्न त्यातला नाही. अमेरिकेत दहा प्रौढांपैकी साधारण चार जण बंदूक असलेल्या घरात राहतात. म्हणून तिथले बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं पालकांना सांगत आले आहेत की मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी विचारा: बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का? कुत्रा चावतो का, हे विचारण्यासारखंच ते आहे. त्या बाईने कुत्रा, शेंगदाणे आणि बंदूक एका दमात विचारलं, यातच उत्तर होतं.

विचारायची गरज का पडते? अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. मोटार अपघात मागे पडले. २०१५ च्या एका पाहणीवरून अंदाज निघाला की तिथली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. आणि जे आपल्याला सहसा माहीत नसतं ते असं: अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. किशोरवयीन मूल असं काही करतं तेव्हा हत्यार बहुतेक वेळा घरातलंच असतं.

इथे सिएटलचंच एक काम महत्त्वाचं आहे. तिथल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. बंदूक कुलपात असणं, ती रिकामी असणं, काडतुसं कुलपात असणं आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी असणं, या चारही गोष्टी मुलांना अपघात आणि आत्महत्येपासून वाचवतात, असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाची लाट असते. त्या वेळात हत्यार हाताशी नसेल तर लाट ओसरते, आणि माणूस वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात. कुलूप कुणाचं दुःख बरं करत नाही, ते फक्त वेळ मिळवून देतं. पण तेवढा वेळही पुष्कळ असतो.

म्हणून किंग काउंटीचा आरोग्य विभाग 'लॉक इट अप' नावाचा कार्यक्रम चालवतो. बंदूक बाळगू नका, असं ते म्हणत नाहीत. तसं म्हटलं तर बंदूकवाला ऐकणारच नाही. ते म्हणतात: ठेवायची तर अशी ठेवा. छोटी लोखंडी पेटी, ट्रिगरचं कुलूप, मोठी तिजोरी, कोणतं कुणाला सोयीचं ते समजावतात. दुकानदारांना सोबत घेऊन या वस्तूंवर सूट मिळवून देतात. घरात कुणी निराशेत असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर हलवा, हेही सांगतात. २०१९ मध्ये काउंटीच्या आरोग्य मंडळाने बंदूक विकणाऱ्या दुकानांत धोक्याची सूचना लावणं बंधनकारक केलं, सिगारेटच्या पाकिटावर असते तशी.

नियम करायचा हक्क कुणाला?

इथे स्थानिक सरकारची मर्यादा दिसते. २०१८ मध्ये सिएटलने ठराव केला की बंदूक कुलपात ठेवली नाही तर दंड. साधा दंड ५०० डॉलरपर्यंत, मुलाच्या हाती पडली तर १,००० पर्यंत आणि त्यातून कुणाला इजा झाली तर १०,००० पर्यंत. शेजारच्या एडमंड्स शहरानेही तसाच नियम केला. पण बंदुकीचे नियम करण्याचा हक्क फक्त राज्याचा, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एडमंड्सचा नियम चालणार नाही असा निकाल दिला. त्याबरोबर शहरांच्या अशा नियमांचा पायाच गेला.

मग काय उरलं? राज्याचा कायदा उरला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी स्वतः मत देऊन एक कायदा मंजूर केला, आणि त्यातला साठवणुकीचा भाग १ जुलै २०१९ पासून लागू झाला. बंदूक कुठे आणि कशी ठेवावी हे तो सांगत नाही. पण बेपर्वाईने ठेवलेली बंदूक मुलाच्या किंवा बंदी असलेल्या माणसाच्या हाती पडली आणि काही विपरीत घडलं, तर मालकावर गुन्हा दाखल होतो. कुणी जखमी झालं किंवा मेलं तर तो गंभीर गुन्हा ठरतो. बंदूक कुलपात होती किंवा तिला ट्रिगरचं कुलूप होतं, तर मालक सुटतो. घरफोडीत बंदूक गेली आणि पाच दिवसांत पोलिसांना कळवलं, तरीही त्याला सवलत आहे.

म्हणजे शिक्षा राज्याच्या हाती, शिकवण काउंटीच्या हाती. नदीचंही तसंच: आदेश केंद्राच्या संस्थेचा, काम आणि पैसा शहर-काउंटी-बंदर-कंपनीचा. ज्याच्या हाती जे आहे ते त्याने करायचं. वरच्याकडे बोट दाखवून बसायचं नाही.

आपल्याकडचं काय?

आपल्या देशात बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. पालिकेचा त्यात हात नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनुसार परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात, ते तर सर्वांनी पाहिलेलं आहे.

"पण सर, आमच्या घरी कुठे बंदूक आहे?" बरोबर. पण विचार करा, आपल्या घरात कुलपाबाहेर काय आहे? गावाकडे कीटकनाशकाची बाटली माळ्यावर, नाही तर खाटेखाली असते. शहरात संडास धुवायचं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं. दादांच्या झोपेच्या गोळ्या उशाशी असतात. लहान मूल सरबत समजून पितं, मोठं माणूस एखाद्या वाईट रात्री हात पुढे करतं. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. तत्त्व तेच, कुलपाचं. औषध फवारणीचं असेल तर कुलपाच्या पेटीत, घरापासून दूर ठेवा, किल्ली एकाकडेच ठेवा. घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, निकालानंतर मूल खोलीतून बाहेर येत नसेल, तर बाटली हलवा आणि त्याच्याजवळ बसा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाईन आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत असाल तर ९८८.

हत्यार सांभाळून धरायची शिकवण आपल्याला नवी नाही. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोकं हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आलेली आहे. हत्यार आपलं असलं तरी त्याच्या टोकाची जबाबदारीही आपलीच.

आणि नदी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले आहेत, आणि त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. आपल्या नद्यांचं मुख्य दुखणं म्हणजे प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी. म्हणजे आपल्या मोरीचं पाणी. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीजवळून वाहणाऱ्या खाम नदीसाठी महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्था २०२१ पासून एकत्र आल्या, काठ साफ झाले, लोक पुन्हा नदीजवळ जाऊ लागले. मलिक अंबरने नहरी खोदून जिथे घराघरात पाणी पोहोचवलं, त्या शहराला हे शोभतं. पण दुवामिशचा धडा इथेही लागू आहे. काठ सुंदर झाला तरी नाले कुठे उघडतात, हा प्रश्न विचारत राहिलं पाहिजे.

तो विचारता येतो. माहितीच्या अधिकारात आपल्या पालिकेला साधे तीन प्रश्न लिहून विचारा: शहरात रोज किती सांडपाणी तयार होतं? त्यातल्या किती पाण्यावर प्रक्रिया होते? उरलेलं कोणत्या नाल्याने, कुठे जातं? अर्ज मराठीत चालतो. आमच्या नववीच्या मुलांकडून यंदा असा अर्ज लिहून घ्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे. पत्रलेखनाचे मार्कही मिळतील.

आमच्या विद्यार्थिनीचा चार दिवसांपूर्वी पुन्हा फोन आला. त्या मासे आणून देणाऱ्या दोस्तांना तिच्या नवऱ्याने पाटीचा फोटो पाठवलाय. आणि मुलाला आता त्या मित्राच्या घरी बोलावणं आलं आहे. आम्ही विचारलं, "मग, तू विचारलंस का?"

"विचारलं ना सर. आधी घसा कोरडा पडला. पण विचारलं." ती हसली. "त्यांच्याकडे आहे म्हणाली. तिजोरीत, काडतुसं वेगळी. आणि म्हणाली, विचारलंत हे बरं केलंत."